शाल घ्यायची, खुर्ची घ्यायची, की दोन्ही परत पाठवायच्या?

भाकरतुकडा
मंडळी, जरा लांबड लावतेय, सांभाळून घ्या.

आमची छोटी संस्था आहे, तालुक्याचं नाव मुद्दाम टाकत नाही. काम मुख्यतः रेशनचं. कार्ड ऑनलाईन नाही म्हणून धान्य बंद, नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी होत नाही म्हणून सासरच्या कार्डात चढत नाही, मशीनवर म्हाताऱ्या माणसाचा अंगठा उमटत नाही, अशी सगळी प्रकरणं. गेल्या दीड वर्षात तहसीलवर दोन मोर्चे नेले, एक जनसुनवाई घेतली, त्यात पुरवठा शाखेशी इतकं वाजलं की आम्ही दारात दिसलो की तिथला क्लार्क टेबलावरची फाईल पालथी करून ठेवतो.

आणि आता एकाच आठवड्यात दोन पत्रं. पहिलं, १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर पालकमंत्र्यांच्या हस्ते ‘उल्लेखनीय सामाजिक कार्या’बद्दल सत्कार. दुसरं, रेशनवर देखरेख ठेवणाऱ्या तालुका दक्षता समितीवर अशासकीय सदस्य म्हणून संस्थेतलं एक नाव सुचवा.

परवा चार तास बैठक झाली. पोरं म्हणतात दोन्ही परत पाठवा, ज्यांच्याशी भांडतो त्यांचा नारळ कसला घ्यायचा. जुने कार्यकर्ते म्हणतात दोन्ही घ्या, अधिकाऱ्यांवर वजन पडतं. माझं मत मधलं वाटेल पण मधलं नाहीये. शाल नको, खुर्ची घ्यावी. शाल घेतली की फोटो त्यांचा, पुढच्या मोर्च्याच्या वेळी तोच फोटो व्हॉट्सअॅपवर फिरणार, बघा हेच ते. खुर्चीवर बसलं तर निदान कोणत्या दुकानाला किती कट्टे आले तो कागद मागता येतो. (मागे एका पतसंस्थेने दिलेली शाल आमच्या प्रिंटरवर घातलेली असते, धूळ बसू नये म्हणून. तेवढाच उपयोग.)

तुमचं काय म्हणणं?

उंबरठ्याबाहेर
ताई, शालीबद्दल सहमत, खुर्चीबद्दल अजिबात नाही. मी बसलोय त्या खुर्चीवर, वेगळा जिल्हा, पण समिती हीच. अडीच वर्षांत तीन बैठका. पहिल्या बैठकीत हजेरीच्या रजिस्टरवर सही घेतली, चहा आला, पार्ले-जी आला, अध्यक्ष पाऊण तास उशिरा आले आणि वीस मिनिटांत उठून दुसऱ्या कार्यक्रमाला गेले. मी सतरा कार्डांची यादी नेली होती, ती “देऊन ठेवा” म्हणाले, दिली. इतिवृत्त तीन महिन्यांनी हातात आलं तर त्यात एक वाक्य, ‘तालुक्यातील धान्य वितरणाबाबत सर्व सदस्यांनी समाधान व्यक्त केले’, आणि खाली जोडलेली हजेरीची पानं, त्यात माझी ठसठशीत सही!!

पुढं आमच्याच बायका कार्डासाठी तहसीलला गेल्या तेव्हा साहेबांनी तो कागद काढून दाखवला. तुमचाच माणूस समाधानी आहे, तुम्ही कशाला ओरडताय. त्या दिवशी घरी येताना मला कुणाकडे बघवेना. शाल परवडली हो, शालीवर आपली सही नसते.

कलम_कसाई
पण उंबरठा, तुम्ही लेखी हरकत घेतली का? इतिवृत्त आल्यावर दुसऱ्या दिवशी पत्र टाकायचं, मी असं काही बोललो नाही, दुरुस्ती करा, पोच घ्यायची.

आणि मूळ धाग्यात एक गल्लत आहे. दक्षता समिती हे आमंत्रण नाहीच. अन्न सुरक्षा कायदा २०१३, कलम २९. राज्य, जिल्हा, तालुका आणि थेट रेशन दुकान, अशा चार पातळ्यांवर समित्या नेमायच्याच आहेत, त्यात अनुसूचित जाती-जमाती, महिला, निराधार किंवा दिव्यांग यांना प्रतिनिधित्व द्यायचंय. गैरप्रकार दिसला तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवणं हे समितीचं कायद्यातलं काम आहे. ती जागा लोकांची आहे, कुणी मेहरबानी म्हणून देत नाहीये. तुम्ही नाही म्हणालात की तिथं दुकानदाराचा मेव्हणा बसतो आणि मग खरोखर सर्व सदस्य समाधानी असतात.

उंबरठ्याबाहेर
हरकत नाही घेतली. चूक माझी, मान्य. पण कायद्यात असणं आणि तालुक्यात असणं यात किती अंतर आहे ते तुम्हालाही माहितीये. अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांच्या कार्डाला, महिन्याला ३५ किलो हेही कायद्यातच आहे.

खडकमाळकर
या वादात मला जोतीराव फुले आठवतात, कारण एकाच माणसानं तिन्ही प्रकार करून ठेवलेत. १८५२ साली विश्रामबागवाड्यात सरकारनं शाळांच्या कामाबद्दल सत्कार केला, शालजोडी घेतली. १८८२ ला शिक्षणाबद्दलच्या हंटर आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात सरकारलाच सुनावलं की सारा शेतकऱ्यांकडून घेता आणि खर्च वरच्या वर्गाच्या शिक्षणावर करता, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. आणि १८८८ ला पुण्यात राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ मेजवानी होती तिथं शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि भाषणात सांगितलं की हे दागिने घातलेले पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खेड्यात जाऊन बघा.

शाल घेतल्यामुळं तोंड बंद झालं का? नाही ना. पोरांना सांगा, जायचं, पण आपले कपडे घालून.

तिखटमीठ
झालं, कुठलाही धागा असो, पाचव्या प्रतिसादाला फुले येणारच. आदर आहेच पण नीट बघू ना. १८८८ चं आमंत्रण सरकारचं नव्हतं, मेजवानी हरी रावजी चिपळूणकरांची, म्हणजे जोतीरावांच्याच स्नेह्याची. आणि महत्त्वाचं म्हणजे ते स्वतः कंत्राटदार होते, व्यवसायाचा पैसा होता, संस्थेच्या पुढच्या हप्त्यासाठी कुणाच्या केबिनबाहेर बसायचं नव्हतं. आज ज्या संस्थेचा अकाउंटंटचा पगार प्रोजेक्टवर अवलंबून आहे तिनं शेतकऱ्याचा वेष करून मंत्र्याला सुनवावं? करून बघा आणि मग पुढचं ऑडिट कसं होतं तेही बघा.

आणि १८८२ च्या निवेदनाचं काय झालं? सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं ते कोल्हापूर संस्थानात, १९१७ ला, शाहू महाराजांनी आणलं. आयोगानं नाही.

खडकमाळकर
बरं मग हे घ्या. पुणे नगरपालिकेवर ते सरकारनियुक्त सदस्य होते, १८७६ ते ८२. म्हणजे अगदी भाकरतुकडा ताईंना मिळतेय तीच खुर्ची. व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायचा खर्च मंजुरीला आला तेव्हा विरोध करणारे हे एकटे. सरकारनंच नेमलेला माणूस, सरकारच्याच पाहुण्याच्या स्वागताला विरोध! खुर्ची नसती तर तो विरोध कुठं नोंदवणार होते, मंडईत?

तिखटमीठ
हा मुद्दा बरा आहे. पण ठराव पास झालाच असेल 😄

सातपुडा_एक्सप्रेस
मी नंदुरबारकडची, माझं थोडं वेगळं. आमच्याकडं सरदार सरोवर धरणाच्या वेळी नर्मदेच्या काठच्या गावांनी सरकारी सर्व्हेवाल्यांना परत पाठवलं होतं, गावात शिरू दिलं नव्हतं. तीच माणसं मोर्स समितीशी मात्र बोलली. ती समिती वर्ल्ड बँकेनंच नेमलेली, म्हणजे धरणाला ४५ कोटी डॉलर कर्ज देणाऱ्यांनीच, त्यापेक्षा मोठं एस्टॅब्लिशमेंट काय असतं? पण ती आपोआप नव्हती आली. १९९१ च्या सुरुवातीला गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला नर्मदा आंदोलनाच्या मेधाताई पाटकर आणि बाकीचे थंडीत उपोषणाला बसले होते, तीन आठवडे, तेव्हा कुठं स्वतंत्र समिती नेमायची भाषा झाली. जून १९९२ ला अहवाल आला, त्यात बँकेनं मागं सरावं असं स्वच्छ लिहिलं होतं, आणि मार्च १९९३ ला उरलेलं कर्ज बंद झालं.

मला यातून एवढंच दिसतं की अहवाल कोण लिहिणार हे त्यांनी आधी बघितलं. सर्व्हेवाला आला तर त्याचा कागद ठरलेला होता, किती घरं, किती झाडं, मोजा आणि उठवा. मोर्सचा कागद कोरा होता.

पुढं मेधाताई वर्ल्ड कमिशन ऑन डॅम्सवर, म्हणजे जगभरच्या धरणांचा आढावा घेणाऱ्या आयोगावर, १२ सदस्यांपैकी एक म्हणून बसल्या, धरणवाल्या कंपन्यांच्या माणसांबरोबर. २००० साली अहवालावर सही केली आणि शेवटी स्वतःचं वेगळं टिपण छापून घेतलं की हे पुरेसं नाही. उंबरठाकाका, तुमच्या इतिवृत्तात ती वेगळ्या टिपणाची जागा नव्हती, बाकी काही नाही.

तिखटमीठ
धरण झालंच ना पण. २०१७ ला लोकार्पण.

सातपुडा_एक्सप्रेस
झालं. आणि गावं बुडाली, माझ्या मामाचं पण. मोर्सशी न बोलता ती वाचली असती असं तुमचं म्हणणं असेल तर सांगा, नाहीतर हा मुद्दा सोडा.

ऑडिट_अंकल
मी चार्टर्ड अकाउंटंट, सात-आठ संस्थांचे हिशेब बघतो. भावनेचं राहू द्या. सत्काराला ‘नाही’ म्हणायचं असेल तर भाषा सांभाळा, बहिष्कार वगैरे शब्द नको, “संस्थेचा कोणताही सत्कार न स्वीकारण्याचा ठराव आहे” असं लिहा आणि तसा ठराव खरोखर प्रोसिडिंग बुकात करा, तारीख पत्राच्या आधीची नको, प्लीज, हे फार जण करतात. धर्मादाय आयुक्तांकडचे चेंज रिपोर्ट (विश्वस्त वगैरे बदलल्याची नोंद) पेंडिंग असतील तर आधी ते संपवा. खुन्नस निघते ती मंत्र्याकडून नाही निघत, खालून निघते.

उंबरठ्याबाहेर
अंकल, हेच तर. ‘नाही’ म्हणायला सुद्धा आधी चेंज रिपोर्ट क्लिअर लागतो, यालाच मी दबाव म्हणतो.

आणि मोठ्या आमंत्रणाचं उदाहरण हवं तर अण्णा हजारेंचं घ्या. एप्रिल २०११, जंतरमंतरचं उपोषण, लोकपाल कायद्यासाठी संयुक्त मसुदा समिती, पाच मंत्री पाच आपले, देशभर फटाके. जूनमध्ये दोन मसुदे होऊन विस्कटलं, ऑगस्टमध्ये परत उपोषण, रामलीला मैदानावर. कायदा डिसेंबर २०१३ ला पास, पहिला लोकपाल बसला मार्च २०१९ मध्ये. दोन महिने रस्ता थंड पडला तो त्या टेबलामुळं.

कलम_कसाई
उलट वाचताय तुम्ही. त्या टेबलावर काय झालं ते रोज बाहेर येऊन सांगत होते म्हणून ऑगस्टला रामलीला भरलं. बंद खोलीत बसून गप्प राहिले असते तर कोण आलं असतं?

भाकरतुकडा
सगळ्यांचे आभार, काल परत बसलो. उंबरठाकाकांचा ‘समाधान व्यक्त केले’वाला प्रतिसाद मी मोठ्यानं वाचून दाखवला, जुने कार्यकर्ते गप्पच झाले, एक जण म्हणाले आपलंही असंच झालं होतं, रोजगार हमीच्या समितीत, तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

ठरलं असं. सत्काराला नम्र नकार, अंकलच्या भाषेत, ठराव कालच्याच तारखेचा. समितीवर नाव द्यायचं पण माझं नाही आणि अध्यक्षांचंही नाही. आमच्यातल्या एक मावशी आहेत, स्वतः कार्डधारक, अंगठा उमटत नाही म्हणून दोन महिने धान्य सोडावं लागलं होतं. वाचता येतं, सही ठसठशीत नाही पण येते. पत्रात तीन गोष्टी मागितल्यात: इतिवृत्त बैठकीतच वाचून दाखवायचं, असहमती असेल ती नावासकट त्यात यायची, आणि प्रत त्याच दिवशी. मान्य नसेल तर आम्ही समितीत नाही आणि तसं गावात फलकावर लिहिणार.

पोरांना अजून पटलेलं नाही. एकानं विचारलं, मावशींना तिथं चहाबिस्किट देऊन गोड बोलले तर? मावशी म्हणाल्या, बिस्किट खाईन की, त्यात काय.

उंबरठ्याबाहेर
मावशींबरोबर पहिल्या बैठकीला बाहेर कुणीतरी थांबा. आणि हजेरीच्या पानावर सही करताना समोर ‘फक्त उपस्थिती’ असं लिहायला सांगा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

भाकरतुकडा
लिहून ठेवलं. तहसीलचं उत्तर अजून नाही. आलं की टाकते.