क्रोमचं पाणी करंट लावून साफ होतं का खरंच?

प्लेटिंगवाला_भोसरी
नमस्कार मंडळी, भोसरीत छोटं वर्कशॉप आहे माझं, हार्ड क्रोम जास्त आणि एक लाईन सायनाइड झिंकची. क्रोमच्या रिन्सचं, म्हणजे जॉब धुतल्याचं पाणी रोज ३००० लिटर निघतं, त्यात हेक्सा क्रोम (क्रोमचा विषारी प्रकार) ५० पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आगेमागे. सध्या ॲसिड टाकून पीएच अडीचवर आणतो मग हेक्सा क्रोम मारायला मेटाबायसल्फाइट, मग कॉस्टिकने पीएच साडेआठ आणि गाळ दाबून काढायला फिल्टर प्रेस. काम होतं पण ॲसिड कॉस्टिकचा खर्च आणि तो वास, पोरं वैतागलीत. मागच्या आठवड्यात एक जण आला, म्हणे इलेक्ट्रोकोॲग्युलेशनचं (पाण्यात प्लेट सोडून करंट लावायचा, घाण गाळ होऊन बसते) मशीन घ्या, केमिकल शून्य गाळ शून्य नुसतं बटण दाबायचं. किंमत ऐकून हादरलोच. कोणी वापरलंय का? खरंच चालतं की गंडवतोय?

ईटीपी_कोल्हापूर
चालतं. पण गाळ शून्य म्हणाला ना, तिथेच त्याला चहा न पाजता वाटेला लावायचा होता. पाण्यातला क्रोम जाणार कुठे, हवेत? तो गाळातच येतो आणि तो गाळ हॅझार्डस, म्हणजे घातक कचरा, ९० दिवसांच्या वर आवारात ठेवता येत नाही, तुम्हाला तो रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सेंटरलाच पाठवायचाय, आत्ता पाठवता तसाच.
आणि प्लेट लोखंडाच्याच घ्या, साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील). ॲल्युमिनियमच्या दाखवल्या तर नको म्हणा, हेक्सा क्रोमला त्या कामाच्या नाहीत.

केमिस्ट्रीवाली
दादा, बटणाची जादू वगैरे काही नाही, तुमचाच धंदा उलटा आहे हा. जॉबवर धातू चढवता तसा इथे ॲनोडची प्लेट मुद्दाम झिजवायची. लोखंड फेरस होऊन पाण्यात उतरतं, ते हेक्सा क्रोमला ट्राय (कमी विषारी प्रकार) करतं आणि स्वतः फेरिक होतं, मग दोघांचे हायड्रॉक्साइड मिळून खाली बसतात. कॅथोडला हायड्रोजन निघतो आणि पीएच आपोआप चढतो, म्हणून ॲसिड लागत नाही आणि कॉस्टिक अगदी थोडं. बचत खरी इथे आहे.
आता हिशोब. १ ग्रॅम क्रोमला सव्वातीन ग्रॅम लोखंड लागतं. तुमचं रोजचं क्रोम १५० ग्रॅम, म्हणजे लोखंड अर्धा किलोच्या जवळ. एका अँपिअर-तासात साधारण १ ग्रॅम लोखंड सुटतं. थोडा करंट वाया जातो ते धरून ६०० अँपिअर-तास पकडा, म्हणजे १०० अँपिअर सहा तास. ८ व्होल्ट धरले तर पाच युनिटच्या आत वीज. एवढ्याला ते महागडं मशीन कशाला हे तुम्हीच ठरवा.
पण गाळाचं ऐका. बायसल्फाइट आणि कॉस्टिकने नुसता क्रोमचाच गाळ होतो, कोरडा ३०० ग्रॅम. इथे त्यात लोखंडाचा मिळून १२०० ग्रॅम, म्हणजे चौपट! बसतो मात्र छान, प्रेसला त्रास देत नाही.

इचलकरंजी_डाइंग
आम्ही रंगाच्या पाण्याला लावलं होतं. रंग झकास गेला, साहेब लोक खूश, पण सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण) हवा तेवढा उतरला नाही आणि मीठ टाकल्यामुळे टीडीएस (विरघळलेले क्षार) उलट वाढला. धातू काढायला ठीक आहे, प्रत्येक पाण्याला हे औषध नाही एवढंच सांगतो.

ईटीपी_कोल्हापूर
एक राहिलंच आणि ते सगळ्यात महत्त्वाचं, झिंकच्या लाईनचं पाणी यात चुकूनही सोडू नका!! क्रोमचं पाणी ॲसिडिक असतं, त्यात सायनाइड पडलं की गॅस होतो, आणि तो वास येईपर्यंत थांबणारा गॅस नाही. टाकी वेगळी, पाईप वेगळा, पंप पण वेगळा. सायनाइडला आधी पीएच १० च्या वर ठेवून हायपो (सोडियम हायपोक्लोराइट).

प्लेटिंगवाला_भोसरी
लाईन वेगळीच आहे भाऊ, पण पंप एकच फिरवून वापरायचो, आजच दुसरा मागवला.
मॅडम तुमचा हिशोब वाचून राहवलं नाही. प्लास्टिकच्या बीकरमध्ये १ लिटर रिन्स, एमएसच्या दोन पट्ट्या, १ अँपिअर लावून बसलो. दहा मिनिटांत पिवळेपणा गेला, हिरवट गढूळ झालं, पंधरा मिनिटांनी बंद केलं आणि तासाभरात वर काचेसारखं पाणी. माझ्याकडे २०० अँपिअरचा जुना रेक्टिफायर धूळ खात पडलाय, तोच लावला तर?

केमिस्ट्रीवाली
लावा की. फक्त डोळ्याला पाणी स्वच्छ दिसलं म्हणून सोडू नका, हेक्सा क्रोमची मर्यादा ०.१ पीपीएम आहे, तेवढ्याला पिवळेपणा दिसतच नाही. गाळलेल्या पाण्यावर डायफिनाइलकार्बाझाइड टाकून बघा, गुलाबी-जांभळं झालं तर शिल्लक आहे.

ईटीपी_कोल्हापूर
आणि प्लेटांवर थर चढतो, मग व्होल्टेज वाढत जातं आणि लोखंड सुटेना होतं. अर्ध्या अर्ध्या तासाला प्लस-मायनस बदलत राहा, दोन्ही बाजू सारख्या झिजतात. रिन्स फार पातळ असेल तर चिमूटभर मीठ, जास्त नाही. टाकीवर झाकण नको, एक्झॉस्ट हवा, हायड्रोजन साठला तर ठिणगी पुरते. आणि प्रदूषण बोर्डाला कळवल्याशिवाय बायसल्फाइटची टाकी काढू नका, त्यांच्या कन्सेंटमध्ये (परवान्यात) तीच स्कीम लिहिलेली असणार.

प्लेटिंगवाला_भोसरी
डायफिनाइलची टेस्ट केली आत्ता. फिकट गुलाबी आलं 😐 पंधराच्या जागी वीस मिनिटं देऊन परत बघतो, उद्या टाकतो इथे.