मदत हवी आहे : आणीबाणीत डेटाचा वेग घटू नये यासाठी करारात काय लिहून घ्यावे?

कॅलिफोर्नियातील एका स्वयंसेवी अग्निशमन पथकाच्या समन्वय-वाहनासाठी मोबाइल डेटाचा नवा करार करायचा आहे. २०१८ च्या मेंडोसिनो वणव्यात सांता क्लारा काउंटीच्या ‘ओईएस ५२६२’ या वाहनाच्या डेटाचा वेग, योजना ‘अमर्याद’ असूनही, मर्यादा ओलांडताच दोनशेव्या हिश्शाच्याही खाली आणला गेला आणि जवानांना स्वतःचे फोन वापरावे लागले, ही गोष्ट मनातून जात नाही. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने नेट न्यूट्रॅलिटीचे (इंटरनेट कंपन्यांनी सर्व डेटाला समान वागणूक द्यावी, या तत्त्वाचे) केंद्रीय नियम रद्द केल्यामुळे आता आधार उरतो तो राज्याच्या कायद्यांचाच, विशेषतः २०१९ च्या ‘एबी १६९९’चा (आणीबाणीत मदत-पथकांच्या मोबाइल डेटाचा वेग कमी करण्यास मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा).

आम्ही कंपनीला दोनदा लेखी विचारले. ‘तुम्हाला प्राधान्य मिळेल’ एवढेच उत्तर आले. परंतु गर्दीच्या वेळी मिळणारे प्राधान्य वेगळे आणि मर्यादेनंतर होणारी वेगकपात वेगळी, हे त्यात कुठेच स्पष्ट होत नाही. फर्स्टनेटचा (आपत्कालीन सेवांसाठीच्या खास मोबाइल नेटवर्कचा) पर्याय पाहिला, पण आमच्या डोंगराळ भागात त्याचा सिग्नल मिळत नाही. उपग्रह जोडणी सध्या बजेटबाहेर आहे.

सिमकार्डे पथकाच्या नव्हे, तर नोंदणीकृत संस्थेच्या नावावर असतील, तर ‘एबी १६९९’चे संरक्षण मिळते का, आणि वेगकपात होणार नाही हे बंधनकारक ठरावे यासाठी करारात नेमके कोणते कलम घालून घ्यावे?