ॲरिझोनात स्वतः विमान चालवत फिरायचंय: चौघं जण आणि एक सेसना १७२

बारामतीकर_पायलट
नमस्कार मंडळी. माझ्याकडे डीजीसीएचं (भारताच्या विमान वाहतूक नियामकाचं) पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचं लायसन्स आहे. बारामतीला शिकलो, बरेचसे तास सेसना १७२ या चार आसनी छोट्या विमानावरचे. मे अखेरीस बायको आणि आई-बाबांना घेऊन अमेरिकेत जायचा बेत आहे. बायको शिक्षिका, त्यामुळे सुट्टी तेव्हाच. फिनिक्सला त्याचीच १७२एस ही आवृत्ती भाड्याने घ्यायची आणि सेडोना, ग्रँड कॅन्यन, पेज करत चार-पाच दिवसांत परतायचं असं डोक्यात आहे. बाबा आयुष्यभर एसटीत नोकरीला होते, त्यांना एकदा मी स्वतः चालवत असलेल्या विमानातून कॅन्यन दाखवायचं आहे.
आमची वजनं: मी ७८, बायको ६०, बाबा ७४, आई ६६, सामान ४० किलो. हिशेब बसतोय असं वाटतं. लायसन्सचं काय करावं लागेल आणि खर्च किती येईल, कोणी केलं असेल तर सांगा.

पुणे_टू_फ्लोरिडा
लायसन्सचं सांगतो. भारतीय पीपीएलच्या आधारावर एफएए (अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन) प्रायव्हेट पायलटचं सर्टिफिकेट देतं. नियम ६१.७५. लेखी परीक्षा नाही, फ्लाइट टेस्टही नाही. आधी ओक्लाहोमा सिटीच्या शाखेकडे पडताळणीचा अर्ज करायचा. ते डीजीसीएला विचारतात, उत्तर आलं की तुम्हाला पत्र येतं. ते पत्र सहा महिने चालतं. ते घेऊन एफएएच्या स्थानिक कार्यालयात स्वतः जायचं. कुठल्या कार्यालयात जाणार ते अर्जातच लिहावं लागतं, म्हणून फिनिक्स नक्की असेल तर स्कॉट्सडेलचं लिहा. किमान तीन महिने हातात ठेवा. तुमचा पत्ता भारतातला, म्हणून तिकडचा एक प्रतिनिधीही नेमावा लागेल, हा नियम अलीकडचा आहे. आणि पासपोर्ट, लायसन्स, मेडिकल या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे ना ते आजच बघा.
सर्टिफिकेट हातात आलं तरी लगेच उडता येत नाही. आधी इन्स्ट्रक्टरसोबत फ्लाइट रिव्ह्यू, कमीत कमी एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत.

साताऱ्याची_लेक (फिनिक्स)
मी इथे डीअर व्हॅली विमानतळावरून भाड्याच्या १७२ उडवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बाबांना कॅन्यन दाखवण्याची इच्छा पुरी व्हायलाच हवी. पण मे अखेरीस, चौघं एकत्र, या विमानात नको.

हिशेब करून बघू. १७२एसचं कमाल उड्डाणवजन २,५५० पौंड, म्हणजे ११५७ किलो. विमानाचं रिकामं वजन वजा केलं की माणसं, सामान, इंधन सगळं मिळून साधारण ४०० किलो उरतात. तुमचे ३१८ गेले. उरलेल्या ८२ किलोंत ११०-११५ लिटर ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) येईल, म्हणजे तीन तासांच्या आसपास. कागदावर बसतं, आणि मला काळजी त्याचीच वाटते, कारण त्या कागदात हवेचं तापमान कुठेच येत नाही.

बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर. सेडोनाची ४,८३० फुटांवर, ग्रँड कॅन्यनची ६,६०९ फुटांवर. जूनच्या तोंडावर दुपारी कॅन्यनला २७ अंश धरले तरी डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची) साडेनऊ हजार फुटांच्या घरात जातं. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे तीनेक टक्के ताकद गमावतं. म्हणजे १८० हॉर्सपॉवरचं तुमचं इंजिन तिथे १२५-१३० चं उरतं. पंखांना आणि पंख्यालाही हवा विरळच मिळते. विमान धावपट्टी खात राहतं, उठलं तरी चढत नाही. ते काठोकाठ भरलेलं असेल तर इंजिन जरा अडखळलं किंवा खाली येणारा वारा लागला की हातात काहीच शिल्लक नसतं. शिवाय ३,००० फुटांच्या वरच्या धावपट्टीवरून उडताना मिक्स्चर लीन करून (हवेच्या मानाने इंधन कमी करून) घ्यायचं असतं. तुमच्या हाताला फुल रिचची (पूर्ण इंधनाची) सवय असणार, तेव्हा हे चेकआउटच्या (विमान भाड्याने देण्याआधीच्या चाचणी उड्डाणाच्या) वेळी पुन्हा पुन्हा करून घ्या.

कॅन्यनवरून हवं तसं उडताही येत नाही. तिथे विशेष नियमांचा हवाई प्रदेश आहे. खाजगी विमानांना ठरलेल्या कॉरिडॉरमधूनच आरपार जावं लागतं, उत्तरेकडे जाताना ११,५०० किंवा १३,५०० आणि दक्षिणेकडे येताना १०,५०० किंवा १२,५०० फुटांवरून. त्यासाठी वेगळा नकाशा मिळतो, तो घ्याच. चौघांसह तापलेल्या दुपारी ११,५०० गाठायला किती वेळ लागेल ते विमानाच्या पुस्तिकेतल्या चढाईच्या तक्त्यात स्वतः काढून बघा, म्हणजे मी एवढं का सांगतेय ते कळेल.

म्हणून माझं म्हणणं: दिवाळीच्या सुट्टीत या. हवा थंड, आकाश स्वच्छ, बाईंनाही सुट्टी. विमानात तुम्ही दोघं, आणि बरोबर एक गाडी भाड्याने. सेडोना, ग्रँड कॅन्यन, पेज सगळीकडे उत्तम रस्ते आहेत. आई-बाबा आणि जड सामान गाडीने, आणि एकेका ठिकाणी सकाळी लवकर एकेकाला वर फिरवून आणा.

जर्सीतला_नाना
ताईंनी वजनाचं सांगितलं, मी पैशांचं सांगतो. १७२ चं भाडं साधारण १५० ते २०० डॉलर तासाला पडतं, नव्या विमानाला जास्तही. भाव इंधनासह आहे का ते विचारा. असेल तर बाहेर भरलेल्या इंधनाचे पैसे विमान भाड्याने देणारा क्लब परत देतो, पण स्वतःच्या दराने. कॅन्यनला महाग भरलंत तर वरचा फरक तुमचा. विमान रात्री बाहेर ठेवलं तर बरेच क्लब दिवसाला दोन-तीन तासांचं किमान भाडं लावतात. तुमच्या बेतात उडणं कमी आणि मुक्काम जास्त, त्यामुळे खरा खर्च इथे आहे.
विम्याचं नीट ऐका. क्लबचा विमा मुख्यतः क्लबच्या विमानाला वाचवतो. अपघात झाला तर विमा कंपनी नुकसानभरपाई तुमच्याकडून वसूल करू शकते. भाडेकरू पायलटसाठी वेगळी पॉलिसी मिळते, ती घेतल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका.

बारामतीकर_पायलट
सगळ्यांचे मनापासून आभार. चढाईचा तक्ता काढला, ताईंचं पटलं. दिवाळीचंच बघतो, अर्ज जुलैत टाकतो. दोन शंका: सेसना १८२ हे जास्त ताकदीचं विमान घेतलं तर चौघं जाऊ का? आणि आपल्याकडे उड्डाणाआधी एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे नंबर घ्यावे लागतात, तिथे काय?

साताऱ्याची_लेक (फिनिक्स)
१८२ ला २३० हॉर्सपॉवर, ते नक्कीच जास्त उचलतं. पण २०० च्या वरच्या इंजिनाला इन्स्ट्रक्टरकडून हाय परफॉर्मन्सचं एन्डॉर्समेंट (लॉगबुकात लेखी मंजुरी) लागतं, आणि अनोळखी देशात अनोळखी विमान शिकत असताना मागे आई-बाबा बसलेले असावेत असं मला वाटत नाही.

व्हीएफआरला (बाहेर डोळ्यांनी बघत केलेल्या उड्डाणाला) इथे नंबर नाही, फ्लाइट प्लॅनची सक्तीही नाही. तरी प्लॅन टाका, आणि रडारवरून फ्लाइट फॉलोइंग (कंट्रोलरने तुमच्यावर नजर ठेवणं) मागत चला. रेडिओवर लोक भरभर बोलतात. न कळल्यास ‘से अगेन’ म्हणा, कोणी रागवत नाही. सेडोनाला टॉवर नाही, प्रत्येक जण आपली जागा आपणच रेडिओवर सांगतो. आपल्याकडे टॉवरच्या परवानगीची सवय असते, त्यामुळे सुरुवातीला हे विचित्र वाटतं. आणखी म्हणजे सेडोना पठाराच्या माथ्यावर आहे. धावपट्टी ५,१३२ फूट आणि उताराची, म्हणून वारा साथ देत असेल तर ०३ (ईशान्येकडे तोंड करून) वर उतरायचं आणि २१ (उलट दिशेने) वरून उडायचं. कड्याच्या अलीकडे विमान खाली ओढलं जातं, तिथे उंची राखून या. पहिल्यांदा इन्स्ट्रक्टरला घेऊनच जा, फ्लाइट रिव्ह्यूचा हवेतला तास तिथेच होऊन जाईल.

कोणालाही सोबत घेण्याआधी मागच्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झालेली लागतात. इन्स्ट्रक्टरसोबत असताना तुम्ही स्वतः केलेली त्यात धरतात. ती झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबांना घेऊन निघा, आणि त्यांना पुढे उजव्या सीटवर बसवा.