मदत हवी आहे: बोटीच्या सी ट्रायलमध्ये (ताबा घेण्याआधीची समुद्रातली चाचणी) इंजिनचं आरपीएम पूर्ण येत नाही, उद्या सही आहे!

काठावरचा: फुल थ्रॉटलला काटा 2190 च्या वर जातच नाही, मागे काळा धूर. यार्डवाले म्हणतात, "इंजिन नवीन आहे, सरावलं की येईल." उद्या ताब्याच्या कागदांवर सही आहे. करू की नको? लवकर सांगा.

भरतीओहोटी: 2190 कशापैकी? बोट केवढी? काहीच न सांगता उत्तर काय आकाशातून पडणार?

काठावरचा: अहो 2400 पैकी. लाँग रेंज मोटर यॉट, एकच इंजिन, वॉटरलाइन (पाण्याच्या पातळीवरची लांबी) 49 फूट.

डिझेलदादा: फ्युएल फिल्टर बदला. माझं अगदी हेच झालं होतं.

भरतीओहोटी: दादा, तुम्ही प्रत्येक धाग्यावर फिल्टरच बदलता! डिझेल कमी पडलं तर धूर काळा कसा होईल? हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं की होतो. इंजिनरूमला हवा पुरत नसेल, नाहीतर प्रोपेलरचा पिच (एका फेऱ्यात तो पाण्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर) जास्त असेल. इंजिनरूमचं दार उघडं ठेवून एक फेरी मारा. आरपीएम चढलं तर हवेचा प्रश्न.

डिझेलदादा: टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरतो तो) गळती विसरलात. असो, आम्ही अडाणी.

संथलाट: 49 फुटांना हल स्पीड (बोटीच्या लांबीला झेपणारा वेग) 1.34 गुणिले 49 चं वर्गमूळ 7, म्हणजे 9.4 नॉटच्या आसपास. त्यापुढे नुसतं डिझेल जाळणं. 7 नॉटने चाला, रेंज बघा कशी वाढते!

काठावरचा: रेंज विचारलीच नाहीये हो.

निळाई: स्टॅबिलायझर (बोटीचं डोलणं कमी करणारे) फिनचे की जायरो? जायरोच घ्या.

व्याकरणवेडा: यॉट म्हणजे क्रीडानौका. मराठी शब्द असताना...

भरतीओहोटी: लागलं तारू भलत्याच बंदराला. काठावरचा, टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) दुसऱ्या मीटरने पडताळला का? आणि ट्रायलला टाक्या किती भरल्या होत्या?

काठावरचा: आरपीएम हातातल्या मीटरनेही तेवढंच. टाक्या पाव. एकूण 6000 लिटरच्या आहेत. त्याचा काय संबंध?

भरतीओहोटी: अहो, हेच आधी सांगायचं! म्हणजे 4500 लिटर कमी, जवळजवळ पावणेचार टन. हलक्या बोटीतच 2400 येत नाही, तर भरलेल्या टाक्यांनी लांब निघाल्यावर इंजिन आणखी दबणार. दाराची फेरी आधी. मग टाक्या भरून पुन्हा ट्रायल, जाताना आणि येताना दोन्ही नोंदी, म्हणजे प्रवाह आणि वारा वजा होतो. तोवर सही नाही. पिच एक इंच कमी केला की ढोबळमानाने दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात.

काठावरचा: दार उघडून आलो. 2205. पिच विचारला तर यार्डवाला म्हणे, ड्रॉइंग बघून सांगतो.

डिझेलदादा: फिल्टर बघितला का?