गुलाबाची पानं गोल गोल कापली जातायत, औषध मारू का?

बागवेडी_नाशिक: गंगापूर रोडला घरामागे थोडी जागा आहे, तिथे मुद्दाम साफसफाई न करता रानतुळस, दगडीपाला, तूर असं वाढू दिलंय, फुलपाखरं माश्या यायला हव्यात म्हणून. आता आठ दिवस झाले गुलाबाच्या पानांच्या कडा एकदम गोल कापलेल्या दिसतायत. अळी कुठेच नाही, रात्री टॉर्च घेऊन शोधली. शेजारच्या काकू म्हणतात औषध मार. पण काल सकाळी एक काळपट माशी हिरवा तुकडा पोटाशी धरून आली आणि पडून असलेल्या ठिबकच्या नळीत शिरली!! काय आहे हे?

रानमाशी: औषध अजिबात मारू नका ताई! पानकापी मधमाशी आहे ती, शास्त्रीय नाव मेगाकाइल. पान खात नाही, बाळांच्या खोल्या करते, लांबट तुकडे भिंतीला आणि गोल तुकडा झाकणाला. एकेका खोलीत पराग आणि मकरंदाचा गोळा, त्यावर एकच अंडं. सहसा आतल्या खोल्यांत माद्या आणि तोंडाकडे नर, कारण नर आधी बाहेर पडतात. ही एकटीच राहते, राणी नाही की कामकरी नाहीत, त्यामुळे आग्यासारखी अंगावर येत नाही, मुठीत दाबली तरच डंख मारेल. पराग पायावर नाही, पोटाखालच्या केसांत भरून आणते, परत येताना पोट पिवळं दिसतंय का बघा. चार पानं गेली तर गुलाबाला काही होत नाही.

निफाडकर_शेतकरी: आमच्याकडे टोमॅटोवर निळ्या पट्ट्यांची माशी येते, तिच्यावर पण लक्ष ठेवा. फूल धरून अंग असं थरथरवते की पराग खाली गळतो, आवाज लांबून येतो, सातेरी मधमाशीला हे जमत नाही. ती बांधाच्या मातीत बीळ करते म्हणून मी एक बांध उकरतच नाही आता. आणि संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने धरून नर रांगेत झोपतात, एकदा बघाच. फवारायची वेळ आलीच तर मी अंधार पडल्यावर फवारतो.

बागवेडी_नाशिक: आज दहाला स्टूल टाकून बसले, तासात सात फेऱ्या मोजल्या, आधी सगळ्या पानाच्या, नंतरच्या दोन पिवळ्या पोटाच्या!! काकूंना पण बोलावून दाखवलं, त्या बराच वेळ बसल्या. नळी उन्हात आहे, सावलीत सरकवू का?

रानमाशी: नको, आत्ता हलवली तर तिला दार सापडणार नाही. वरून पत्र्याचा तुकडा टेकवा, तोंड मोकळं ठेवून.