गोदावरी उगवते, उठते की चढते?

गंगाघाटावरची
मंडळी, एका ठिकाणी अडलेय. ओळखीतल्या एकांचं त्र्यंबक रोडला छोटंसं राहण्या-जेवणाचं ठिकाण आहे. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी इंग्रजीत माहितीपत्रक लिहून घेतलं आणि मराठी करायला माझ्याकडे दिलं. लिहिणाऱ्याचा 'राइझ' या क्रियापदावर भारी जीव. नदी त्र्यंबकला राइझ होते, पावसाळ्यात रातोरात राइझ होते, पाहुण्यांनी सूर्य राइझ व्हायच्या आत राइझ व्हावं म्हणजे ब्रह्मगिरी चढताना ऊन लागत नाही, आणि खाली आलं की रात्रभर राइझ झालेल्या पिठाचा ताजा पाव तयार. तोच शब्द फिरून फिरून येतो, त्यातच सगळी मजा. माझ्या मराठीत झालं: उगम पावते, चढते, उगवायच्या आत, उठावं, फुगलेल्या. पाच क्रियापदं, आणि मजा गेली. मशीनला विचारलं तर म्हणे 'गोदावरी त्र्यंबकेश्वर येथे उठते'. पाचही ठिकाणी चालेल असं एखादं मराठी क्रियापद आहे का? पाच नाही तर निदान तीन?

सिन्नरकर
ताई, 'वर येणे' घ्या. पाणी वर आलं, सूर्य वर आला, पीठ वर आलं. तीन झाली. फक्त चुकून 'वर जाणे' घेऊ नका, पाहुणे बुकिंग रद्द करतील.

शुद्धलेखनवही
बोलण्यात ठीक आहे, पण हे छापायचं आहे. मराठीत 'उद्' या उपसर्गाने सगळं काम भागतं: नदीचा उद्भव, सूर्याचा उदय, पाहुण्यांचं उत्थान, पाण्याचा उद्रेक. इंग्रजीतली पुनरुक्ती जशीच्या तशी साधते. आपल्याच जिल्ह्यातल्या भगूरच्या सावरकरांनी दिनांक, महापौर, बोलपट असे शब्द घडवले तेव्हाही लोक हसले होते. आज तेच हसणारे अर्जावर मुकाट्याने दिनांक लिहितात.

सिन्नरकर
काका, दिनांक रुजला हे मान्य. पण पावाचं काय? 'उत्थित पिठाचा पाव' म्हणून पुढ्यात ठेवला तर मी तरी आधी नमस्कार करीन.

लासलगावचा कांदा
भाव राइझ होतो ते विसरलातच की. लिलावात कोणी 'भाव उठला' म्हणत नाही. भाव वधारतो, सुधारतो, तेजीत येतो. पेपरवाले 'कडाडला' लिहितात, 'उसळी' लिहितात. पडला की आधी नरमतो, मग घसरतो, मग कोसळतो, या पायऱ्यासुद्धा ठरलेल्या आहेत. यातला 'सुधारला' जरा नीट बघा. क्विंटलचा भाव वर गेला की आमच्याकडे तो 'सुधारतो', आणि त्याच दिवशी शहरातल्या पानावर 'कांद्याने रडवले' असतं. इंग्रजी राइझला असली बाजू घेता येत नाही.
बाकी 'वधारणे' गुजराती पेढ्यांवरून आपल्याकडे आलं असावं असं माझं मत. त्यांचं 'वधारवुं', आपलं 'वाढणे', मुळात दोन्ही 'वर्ध'.

शुद्धलेखनवही
'असावं' आणि 'माझं मत' यांची व्युत्पत्ती होत नाही.

लासलगावचा कांदा
बरं, तुमची येऊ द्या. गाडी लिलावाला उभीच आहे, वेळ आहे मला.

पंचवटीचा नातू
ताई, तुमच्या यादीतल्या 'चढते'बद्दल बोलतो, कारण याच शब्दावरून मी घरात बोलणी खाल्ली आहेत. नवीन नवीन नोकरीला लागलो तेव्हा फोनवर मित्राला सांगत होतो, 'गंगेचं पाणी चढतंय.' आजीने आतून आवाज दिला, "पाणी चढतं ते गच्चीवरच्या टाकीत, मोटर लावल्यावर. गंगेला पाणी येतं." आणि खरंच, आमच्या आळीत 'चढत नाही' म्हटलं की ते नळाचं पाणी. प्रेशर कमी, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. नदीला पाणी 'येतं', जास्त आलं तर 'पूर येतो', आणि किती आलं ते क्रियापदाने सांगतच नाहीत, ते मारुतीने सांगतात.
बाहेरच्यांसाठी सांगतो: रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. एक तोंड पुढे, एक मागे. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते रेडिओवर सांगतात, पण आमच्याकडे विचारायची पद्धत एकच: "कुठपर्यंत आलं?" आणि उत्तर येतं पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. कमरेला लागलं की भांडीबाजारातले दुकानदार खालचा माल वर हलवायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अख्खा मारुती पाण्याखाली गेला होता. त्या दिवशी कोणी कोणाला काही विचारलं नाही.
म्हणून पत्रकात 'पावसाळ्यात नदी रातोरात मारुतीच्या छातीला लागते' असं लिहा. राइझ गेलं खड्ड्यात.

म्हसरूळकर
मारुतीच्या पुढची पायरी नारोशंकराच्या देवळावरची घंटा. घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. १९६९ चा पूर बघितलेली माणसं अजून त्याच मापात बोलतात. वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा पार नाशिकला येऊन पुराचं माप झाली, हे त्या घंटेच्याही स्वप्नात नसेल.

शुद्धलेखनवही
विषय पूरमापनाचा नाही. शिवाय एक नोंद: नदीचं नाव गोदावरी आहे. 'गंगेला पाणी आलं' असं छापलंत तर बाहेरगावचा यात्रेकरू काशीचं तिकीट काढील.

पंचवटीचा नातू
यात्रेकरू गंगेवरच आंघोळीला येतो, काका. इथल्या घाटाचं नाव गंगाघाट, ब्रह्मगिरीवरचं गंगाद्वार. बोर्ड बदलायला निघालात तर सकाळी लवकर निघा.

सीबीएसजवळचा वकील
मशीनला इतकं हसू नका. 'उठते' हे राइझचं पहिलंच भाषांतर आहे, आणि एका जागी ते अगदी हुबेहूब बसतं. इंग्रजीत न्यायालय राइझ होतं म्हणजे त्या दिवसाचं काम संपतं. आपणही 'कोर्ट उठलं' म्हणतो. किरकोळ गुन्ह्यात 'कोर्ट उठेपर्यंत' शिक्षा होते. आरोपी कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहतो, मधूनमधून घड्याळ बघतो, साहेब आत गेले की दंडाची पावती घेऊन घरी. ही शिक्षा इंग्रजांच्या कायद्यातली, शब्दही तिथलाच उचललेला, असं मी बरीच वर्षं धरून होतो. पण पंगत उठते, सभा उठते, बाजार उठतो, त्याला कोणत्या इंग्रजाची गरज होती? बसलेली माणसं उभी राहिली की बैठक संपली, हे दोन्ही भाषांना आपापलं सुचलेलं दिसतं.
उलट मला वाटतं आपलं 'उठणे' राइझच्या चार पावलं पुढे आहे. अंगावर पुरळ उठतं, पोटात कळ उठते, आवई उठते, शिक्का उठतो, रंग उठून दिसतो आणि भाऊ भावाच्या जिवावर उठतो. शेवटच्यावर तर आमची वकिली चालते. राइझमधून शिक्का उठवून दाखवा.

भद्रकालीची
पावाचं मी सांगते. आमच्या गल्लीतल्या बेकरीत 'पीठ फुगलं' म्हणत नाहीत, 'खमीर उठलं' म्हणतात. कारागीर पहाटे परातीवरचं ओलं फडकं बाजूला करतो, दोन बोटं पिठात दाबतो. खड्डा सावकाश भरून आला तर उठलं, तसाच राहिला तर जास्त झालं. हिंदी-उर्दूतून आलंय हे खरं, पण बेकरीत तेच चालतं. घरी इडलीचं पीठ मात्र मी कधी 'उठलं' म्हणणार नाही. ते आंबतं, फुगतं, आणि उन्हाळ्यात भांड्याबाहेर येऊन ओट्यावर पसरतं.

तळघरातला
वायनरीत काम करतो. रेड वाइनच्या टाकीत रस आंबायला लागला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो द्राक्षाची सालं वर ढकलतो. वर सालींचा जाड थर बसतो, त्याला सगळे 'कॅप'च म्हणतात. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा किंवा खालचा रस पंपाने त्याच्यावर सोडायचा, नाहीतर वरची सालं सुकतात आणि माल बिघडतो. इंग्रजीत ती कॅप राइझ होते. आमची पोरं म्हणतात 'साल वर आली, दाबा.' म्हणजे सिन्नरकरांना एक मत. चढण्याचा विषय नंतरचा, बाटलीतला.

गंगाघाटावरची
थांबा, हिशेब करू द्या. वकीलसाहेब आणि भद्रकालीच्या ताईंचं धरलं तर पाहुणे उठतात आणि खमीरही उठतं. दोन झाली. पाणी येतं. आता नदीचा उगम आणि सूर्य. हे दोघे तरी एकत्र येतील का?

सटाणेकर
आमच्या अहिराणीत दिन उगना आणि पूर उना. कानाला जवळजवळ एकच. तिकडून घ्या.
आणि तुमचा 'उगम' म्हणजे काय वेगळा आहे? उद् आणि गम्. 'उगवणे' त्याच घरातलं, प्राकृतातून घासून आलेलं. म्हणजे नदी उगम पावते आणि सूर्य उगवतो हे एकच क्रियापद आहे, एकाने सोवळं नेसलंय इतकंच. 'उत्थान' आणि 'उठणे' यांचंही तेच, उद् आणि स्था. शुद्धलेखनवहीवाल्या काकांनी वर जी यादी दिली तिच्यातलं हे 'उत्थान' तर आपण रोज बोलतोच, फक्त इस्त्री न केलेलं. सरळ लिहा: 'गोदावरी त्र्यंबकला उगवते.'

शुद्धलेखनवही
व्युत्पत्ती बरोबर, सल्ला चूक. मूळ एक म्हणून वापर एक होत नाही. 'उगवते' म्हटलं की मराठी माणसाला मेथी दिसते. जन्मभर शाळेत 'उगम पावते' शिकवलं, ते काय हौस म्हणून? आणि तुम्ही सगळे मला सोवळेपणावरून बोलता, पण नदीला 'उगवते' लावणं हासुद्धा घडवलेलाच शब्द झाला. तो भगूरचा नाही, सटाण्याचा, एवढाच फरक.

सटाणेकर
हे मात्र लागलं. तरी पण, ब्रह्मगिरीवर थेंब दिसतो, मग गायब, मग गंगाद्वाराला दिसतो, परत गायब, मग खाली कुशावर्तात. मेथीच बरी दिसते त्यापेक्षा, एका जागी तरी राहते.

सिन्नरकर
सूर्याचं उगवतीपुरतं ठीक आहे, पण आमच्याकडे उगवल्यानंतरचंही माप आहे. 'दिवस कासराभर वर आला.' कासरा म्हणजे बैलाचा दोर, हे आता सांगावं लागतं. पाहुण्यांना 'कासराभर वर यायच्या आत गंगाद्वाराच्या पायऱ्या लागा' असं लिहिलंत तर निम्मे कासरा म्हणजे काय विचारायलाच उठतील.

म्हसरूळकर
वर कोणीतरी 'वाढणे' काढलंय म्हणून. पाणी वाढलं, भाव वाढला, हे बरोबर. पण नारळ वाढवला म्हणजे फोडला. बांगडी वाढली म्हणजे फुटली. दिवा वाढवला म्हणजे विझवला. दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं. हे काय आहे? वर जाण्याचा शब्द संपण्याला का?

भद्रकालीची
अशुभ बोलायचं नाही म्हणून. आमच्या सासूबाई अजून 'मंगळसूत्र तुटलं' म्हणू देत नाहीत, 'वाढलं' म्हणायचं. मग सोनाराकडे.

लासलगावचा कांदा
मग लाइट बिल वाढलं की ते विझलं असं धरायचं का?

सीबीएसजवळचा वकील
तसा अर्ज करून बघा. मी फी वाढवणार नाही, कोणत्याही अर्थाने.

शुद्धलेखनवही
दुकान वाढवणे ही व्यापाऱ्यांची बोली आहे, प्रमाण नव्हे. नारळ वाढवणे मात्र प्रमाण. या दोन्हींत गल्लत नको.

भद्रकालीची
का बरं? दुकानदार आणि पुजारी एकाच गल्लीत राहतात आमच्या.

तळघरातला
मध्येच विचारतो, 'उठवळ' हा शब्द या 'उठणे'मधलाच का? घरी एकदा वापरला आणि तेव्हापासून जेवायला वाढणं बंद आहे. हे वाढणं कोणत्या अर्थाने घ्यायचं तेही सांगा.

सटाणेकर
त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि आज बाहेर जेवा.