जुन्या २५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला किती फुटी रोटाव्हेटर झेपेल?

प्रश्न (काटोल, जि. नागपूर): वडिलांच्या काळातला २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर असून शेत भारी काळ्या मातीचे आहे. शेजाऱ्यांचा पाच फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार) जोडला की इंजिन दबते आणि काळा धूर येतो. कोणती अवजारे घ्यावीत?

उत्तर (सावनेर): कागदावरची २५ अश्वशक्ती इंजिनची असते, पीटीओपर्यंत (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यापर्यंत) त्यातली साधारण ८५ टक्के, म्हणजे २१च्या आसपास पोहोचते आणि झिजलेल्या इंजिनात त्याहूनही कमी. त्यामुळे आपण चार फुटी किंवा त्याहून लहान रोटाव्हेटर घ्यावा आणि पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवून लो गिअरमध्ये चालवावा. कल्टिव्हेटरही नऊ फणांऐवजी पाच फणांचा बरा.

उत्तर (उमरेड): सहमत आहे, मात्र खरी गोम ओलाव्यात आहे. काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळल्यावर दगडासारखी होते. वाफशावर, म्हणजे ओल ना जास्त ना कमी असताना, तेच अवजार हलके जाते. उन्हाळ्यातील खोल नांगरटीसाठी मात्र मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा.

प्रश्नकर्ता: कल्टिव्हेटर ओढताना मागची चाके जागीच फिरतात, हे सांगायचे राहिले.

उत्तर (सावनेर): मग तिथे शक्तीपेक्षा पकड कमी पडते आहे. आधी खोली कमी करून पाहावी, नंतर वजन वाढून पकड यावी म्हणून मागच्या टायरांत पाणी भरावे.